वजा दोन

साहेबांनी फळ्यावर प्रश्न लिहिला आणि त्यांनी मार्करला टोपण लावायच्या आत तिने उत्तर देऊन टाकलं. उत्तर चुकलं. प्रश्न तसा सरळ दिसत होता : एका खात्यात बत्तीस कॉम्प्युटर आहेत, प्रत्येकाला नेटवर्कवरचा एकेक पत्ता द्यायचा आहे, तर सगळ्यांना पुरेल असा लहानात लहान गट किती पत्त्यांचा घ्याल? ती म्हणाली, “बत्तीसचा.” साहेब तिच्या लेकीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठे, जाड काचांचा चष्मा, स्वभावाने गरीब. ते म्हणाले, “चौसष्टचा घ्यावा लागेल, बाई.” ती म्हणाली, “बत्तीस माणसं आणि चौसष्ट खुर्च्या? कोणाच्या घरचं कार्य आहे हे?” वर्ग हसला. साहेबही हसले, पण हसून झाल्यावर पुन्हा फळ्याकडे वळले. “गटातला पहिला पत्ता त्या गटाचा स्वतःचा असतो. गटाची ओळख. शेवटचा पत्ता सगळ्यांना एकदम हाक मारायचा. हे दोन कुठल्याही मशीनला देता येत नाहीत. म्हणून बत्तीसच्या गटात मशीनं बसतात तीस. मागच्या आठवड्यात सांगितलं होतं मी.” मग त्यांनी मार्करचं टोपण नीट दाबून बसवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “त्याच्या आधीच्या आठवड्यातही.”

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. साहेबांनी ते टोचायला म्हटलं नव्हतं, नुसती नोंद केल्यासारखं म्हटलं होतं, आणि तेच वाईट. चुका तर सगळेच करत होते. शेजारी बसणारे स्टोअरकीपर दोनाचे घात करताना बोटं मोडत आणि सोळाच्या पुढे गेलं की खिडकीबाहेर बघत. पण त्यांच्या चुका वेगवेगळ्या असत, रोज नवी. तिची एकच होती. आठ बटणांची ओळ, चालू-बंद, चालू-बंद, प्रत्येकाची किंमत आधीच्याच्या दुप्पट, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अर्धे करा, त्याचे अर्धे करा, दोनशे छप्पनचे एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस, सोळा, हेही जमत होतं. गट कुठे सुरू होतो, कुठे संपतो, सगळं बरोबर येई आणि उत्तर लिहायच्या वेळी ते दोन पत्ते कुठेतरी गळून पडत. समजत नव्हतं असं नाही, समजलेलं राहत नव्हतं. आणि न राहणं हा प्रकार तिला आयुष्यात ठाऊक नव्हता. या सहा मजली इमारतीतले सगळे एक्स्टेन्शन नंबर तिच्या डोक्यात होते. बदली होऊन गेलेल्या, निवृत्त झालेल्या, वारलेल्या माणसांचेसुद्धा. अकाउंट्सचे जुने प्रमुख फोन उचलण्याआधी घसा साफ करत. परचेसच्या बाई नुसतं “हां” म्हणत, आणि त्या “हां”च्या लांबीवरून आज घरून भांडून आल्यात की काय ते हिला कळे. माणसांची तोंडं कधी पाहिली नाहीत तरी चालत होतं. कोण कोणाला चहाच्या आधी फोन करतो, कोण कोणाचा फोन आला की “मी जागेवर नाही म्हणून सांगा” म्हणतो, कोण साहेबांशी एका आवाजात आणि शिपायाशी दुसऱ्या आवाजात बोलतो, हे ती कानात हेडफोन आणि हातात विणकाम धरून ऐकत आली होती. कोणाला सांगत नसे. सांगण्यासारखं असलं की माणूस जास्तच गप्प बसतो.

मग टेलिफोनचा बोर्ड गेला. माणसं आली, त्यांनी स्क्रू काढले, आणि ज्या भिंतीला तो टेकलेला होता तिथे बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ असा एक चौकोन राहिला. इतकी वर्षं आपल्या पाठीमागची नव्हे, पुढची भिंत एवढी मळत गेली आणि आपल्याला दिसली नाही याचंच तिला त्या दिवशी जास्त वाटलं. आता फोन कॉम्प्युटरच्याच वायरीतून जाणार होते, मधे माणूस लागणार नव्हतं. पर्सोनेलच्या बाईंनी तिला बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच तिने ओळखलं की बातमी चांगली नाही. नेटवर्कच्या खोलीत एक जागा आहे, बाई म्हणाल्या, पण त्यासाठी बाहेरची परीक्षा पास व्हायला लागते. महिनाअखेरपर्यंत. “आणि नाही झाले तर?” “तर आपण तुम्हाला मानानं मोकळं करू.” मानानं या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला. इमारतीच्या बाहेर काढायचं तर हात धरून काढलं काय आणि हार घालून काढलं काय, दार तेच, असं तिच्या मनात आलं, पण ती म्हणाली, “परीक्षा देते.” तिच्याबरोबर आणखी काहीजणांनी नावं दिली. त्यातले बरेचसे दुसऱ्या आठवड्यात डोकं दुखतं म्हणून गळाले. ती टिकली, कारण घरी जाऊन बसायची कल्पना तिला सहन होत नव्हती. हे मात्र तिने स्वतःशीही अशा शब्दांत म्हटलं नव्हतं. ती म्हणायची, शिकायला वयाचं काय.

घरी तिची मास्तरीण होती लेक. लेक बँकेत होती, पण कॉलेजात हे सगळं शिकलेली आणि शिकवण्याची हौस दांडगी. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मटार सोलत शिकवणी चाले. नवरा पलीकडे खिडकीशी पेपर धरून बसलेला असे. आयुष्यभर छापखान्यात मशीनवर काढलं, आता कान गेले होते. उजवा पार आणि डावा असून नसल्यासारखा. त्यामुळे त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलता येई. मायलेकींना या सोयीची इतकी सवय झाली होती की त्याबद्दल वाईट वाटणंही बंद झालं होतं.

“आता बघ,” लेक म्हणाली, “गट लहान करायचे तर मशीनांच्या बाजूचा एक बिट, म्हणजे त्या आठातलं एक बटण, आपण उसना घेतो.”

“परत कधी द्यायचा?”

“परत द्यायचा नसतो.”

“मग उसना कशाला म्हणता? सरळ लाटला म्हणा.”

“आई, पुस्तकात तसंच लिहिलंय.”

“पुस्तक लिहिणाऱ्याकडे शेजारीण साखर मागायला येत नसणार.”

लेकीने हसू दाबलं आणि हातातली शेंग उघडून तिच्यासमोर धरली. “ही शेंग म्हणजे एक गट. हे दाणे म्हणजे पत्ते. दोन्ही टोकांचे दाणे बघ, बारीक आहेत. ते धरायचे नाहीत. मधलेच वापरायचे.”

“का? मी घालते तेही भाजीत.”

“म्हणूनच चुकतेस!” लेकीने शेंग टेबलावर आपटली. “अगं, तुझ्या बोर्डावरही असा एखादा नंबर असेलच ना, कोणालाच न दिलेला?”

“छे. सगळे दिलेले होते. दहापासून एकोणनव्वदपर्यंत. नऊ दाबला की बाहेरची लाइन.”

“आणि शून्य?”

“शून्य म्हणजे मी.”

ती हे इतक्या सहज म्हणाली की पुढची शेंग सोलायलाही घेतली. मग तिने वर पाहिलं. लेक तिच्याकडे जरा विचित्र बघत होती. “म्हणजे तो तुझा नंबर होता?” “माझा कुठला? मी रजेवर गेले की दुसरी बसायची, तरी शून्य ते शून्यच. एकदा नवीन आलेल्या एकाने विचारलंही होतं, बाई, तुमचा एक्स्टेन्शन कोणता. मी म्हटलं, मला नाही, मी ऑपरेटर.” आणि हे म्हणता म्हणता तिचा हात थांबला. सगळ्या इमारतीला नंबर वाटले, हजार वेळा वाटले, आणि वाटणारा जो एक नंबर होता त्यावर कोणाला बसवायचं नसतं हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या नंबरावर कोणी राहत नव्हतं. तो दाबला की इमारत बोलायची, “नमस्कार, बोला.” आवाज तिचा असायचा, एवढंच. पहिला पत्ता तिथेच, मटारच्या टरफलांत, तिच्या डोक्यात कायमचा बसला. त्याबरोबर एक बारीकसं काहीतरी दुखलंही, पण कुठे ते सापडेना, म्हणून तिने टरफलं गोळा केली.

पुढच्या वर्गात साहेबांनी मुद्दाम तिलाच विचारलं. बत्तीसच्या गटात मशीनं किती? ती ठामपणे म्हणाली, “एकतीस.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. “प्रगती आहे,” ते म्हणाले. “अर्ध्या वाटेवर आलात.”

दुसरा अर्धा काही केल्या येईना. ती बसमध्ये म्हणत जायची, शेवटचा पत्ता सगळ्यांचा, शेवटचा पत्ता सगळ्यांचा, आणि कागद पुढे आला की हात आपोआप तो पत्ता कुठल्यातरी मशीनला देऊन मोकळा व्हायचा. खोड्याळ मुलाला आतल्या खोलीत बसवून पाहुण्यांसमोर गप्पा मारतो तसं तिचं मन करत होतं, पण मुलगा कोण आणि खोडी काय, हे तिला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक नाही असं ती धरून चालली होती. स्टोअरकीपर तिला जिन्यात भेटले. परीक्षेतून त्यांनी अंग काढून घेतलं होतं, त्यामुळे आता त्यांना सगळं कळू लागलं होतं. हातात चहाचा कप, पाठ कठड्याला. “बाई, तुम्ही उगाच डोकं शिणवता,” ते म्हणाले. “सोपं आहे. शेवटचा पत्ता म्हणजे आपला जुना माइक. एकदा बोललं की सहाही मजले ऐकणार. तो काय एकट्या माणसाला देतात? त्या दिवशी तुम्ही...” आणि तिथे ते थांबले. कप तोंडाजवळ नेला, तो रिकामा होता, तरी त्यातून प्यायल्यासारखं केलं. “म्हणजे पाणी बंद, लिफ्ट बंद, असलं,” ते म्हणाले. मग स्टोअरमध्ये कोणीतरी वाट बघतंय म्हणून दोन दोन पायऱ्या उतरत गेले. गुडघे दुखतात म्हणून त्यांना तळमजल्यावरचं स्टोअर दिलेलं होतं.

ती तिथेच उभी राहिली. जिन्याच्या भिंतीवर, वळणापाशी, तो जुना स्पीकरचा लाकडी डबा अजून होता, पुढे जाळी, जाळीत धूळ. असे डबे प्रत्येक मजल्यावर होते, संडासाच्या बाहेरसुद्धा. म्हणजे लक्षात आहे यांच्या. इतकी वर्षं झाली, कोणी अवाक्षर काढलं नाही, तेव्हा तिने हळूहळू असं ठरवून टाकलं होतं की बहुतेकांनी ऐकलं नसावं. यंत्रं चालू होती, लोक कामात होते. आपल्या सोयीचं असलं की माणूस किती थोड्या पुराव्यावर समाधान मानतो! त्या दिवशी तिने माइकवरून सांगितलं होतं की तिसऱ्या मजल्यावर दुपारी पाणी येणार नाही. सांगून झालं आणि लगेच नवऱ्याचा फोन आला, छापखान्यातून. मागे मशीनं धडधडत होती. त्याची बहीण सगळं कुटुंब घेऊन आली होती, राहायला, न कळवता, हीही त्यांची रीतच होती. तो ओरडत होता, लवकर निघ, घरी कोणी नाही. ती म्हणाली, नाही जमणार. तो म्हणाला, काय? मोठ्यानं बोल! मग ती मोठ्यानं बोलली. खुर्चीतून उठून, टेबलावर हात टेकून, पोटातून बोलली. “मला घरी यायचंच नाही! आज नाही, कधीच नाही! इथंच बरी आहे मी!” पलीकडे मशीनं धडधडतच होती. तो म्हणाला, “बरं बरं, ये मग,” आणि त्याने फोन ठेवला. तेव्हा तिला दिसलं की माइकचा लाल दिवा चालूच आहे.

आधी तिला काही कळलंच नाही. मग ऐकू आलं ते असं की काहीच ऐकू येत नव्हतं. टाइपरायटर थांबले होते. इमारतीला इतकं गप्प तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने बटण दाबलं, खट्ट झालं, तेही सहा मजले ऐकू गेलं असणार. त्यानंतर तासभर एकही फोन आला नाही. एवढी सगळी माणसं तिच्याशी बोलायला नको म्हणून आपापली कामं अडवून बसली होती. संध्याकाळी परचेसच्या बाईंनी न मागता चहा पाठवला. दारावरचा पहारेकरी तिला पाहून उभा राहिला, जो मोठ्या साहेबांसाठीही अर्धवटच उठत असे. कोणी थट्टा केली असती तर तिने चार शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. पण सगळे चांगले वागले. त्या चांगुलपणाखाली ती वर्षानुवर्षं मान खाली घालून लिफ्टने येत-जात राहिली. आणि घरी? घरी ती त्या दिवशी नेहमीच्याच बसने गेली, एवढ्या सगळ्यांचा स्वयंपाक केला, नणंदेच्या मुलांना गाद्या घातल्या. ज्याला उद्देशून ते बोललं गेलं त्याने ते ऐकलंच नव्हतं, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता त्या सगळ्यांनी ऐकलं होतं. नवऱ्याला आजही माहीत नव्हतं. पुढे तर त्याचे कान गेले. ते वाक्य खरं होतं का, याचा हिशेब मात्र तिने कधी केला नाही. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, हे खरं. पण “कधीच” हा शब्द तोंडातून निघताना किती हलकं वाटलं होतं, हेही खरं होतं, आणि जिन्यात त्या धुळकट जाळीसमोर उभी असताना ते हलकेपण तिला अगदी जसंच्या तसं आठवलं. आता बोर्ड नाही, माइक नाही, आणि महिनाअखेर आली. परीक्षा बुडाली तर आपण कायमच्या घरी. म्हणजे एवढ्यासाठी का ही मरमर? तिला स्वतःचाच जरा राग आला आणि जरा हसू आलं. खालून लिफ्टमन ओरडला, “बाई, येताय का वर?” ती म्हणाली, “जा तू. मी चालत येते.”

परीक्षेचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, एक जिना चढून, कपड्यांच्या दुकानाच्या वर. निघताना नवऱ्याने विचारलं, “आज कुठे?” तिने हाताने लिहिल्याची खूण केली. तो म्हणाला, “पेन घेतलंस?” पेन लागत नाही, सगळं कॉम्प्युटरवर असतं, हे खुणांनी सांगणं लांबलचक झालं असतं, म्हणून तिने पेन घेतलं. केंद्रावरच्या मुलीने ते काढून घेतलं, घड्याळ काढून घेतलं, पर्स कपाटात ठेवली, चष्म्याच्या काड्यासुद्धा उलटसुलट करून पाहिल्या. आजूबाजूला सगळी तिच्या लेकीच्या वयाची मंडळी, पाय हलवणारी. एकाने तिला विचारलंही, “मॅडम, सुरू कधी होणार?” तो तिला परीक्षक समजला होता. “मला पण तेच विचारायचंय,” ती म्हणाली.

पडद्यावर प्रश्न येत गेले. काही तिला आले, काही डोक्यावरून गेले, काही तर तिने सरळ कोणता पर्याय बरा दिसतो ते पाहून सोडवले, जशी ती पूर्वी नवीन साहेबांच्या आवाजावरून माणूस कसा निघेल ते ठरवत असे. मग तो आला. पत्त्याचा शेवटचा आकडा सत्त्याहत्तर, मास्कचा, म्हणजे गट केवढा ते सांगणाऱ्या संख्येचा, शेवटचा आकडा दोनशे चोवीस. याच गटातला कोणता पत्ता मशीनला देता येईल? दोनशे छप्पनमधून दोनशे चोवीस गेले, बत्तीस. शून्य, बत्तीस, चौसष्ट, शहाण्णव. सत्त्याहत्तर बसतो चौसष्ट आणि पंच्याण्णवच्या मधे. पर्याय होते चौसष्ट, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव. चौसष्ट तर ती स्वतः, खुर्चीत बसलेली, कानात हेडफोन, “नमस्कार, बोला.” शहाण्णव शेजारच्या गटाचा, तो आपला नाही. राहिले दोन. तिची नजर पंच्याण्णववर गेली आणि या खेपेला तिथून पळाली नाही. तिथे लाल दिवा चालू होता. सहा मजले गप्प होते. परचेसच्या बाई, घसा साफ करणारे साहेब, पहारेकरी, स्टोअरकीपर, सगळे माना वर करून त्या लाकडी डब्यांकडे बघत होते, आणि तिला पहिल्यांदाच दिसलं की त्यांच्यातलं कोणी तिला हसत नव्हतं, कोणी तिची कीवही करत नव्हतं. ज्याला त्याला त्या वाक्यात स्वतःचंच घर आठवलं होतं आणि जो तो आपापल्या खुर्चीत ओशाळून बसला होता. म्हणून टाइपरायटर थांबले होते. म्हणून चहा आला होता. तो पत्ता तिचा एकटीचा नव्हताच. तिने चौऱ्याण्णववर खूण केली आणि पुढे गेली. त्यानंतरचे तसले सगळे प्रश्न तिने फार विचार न करता सोडवले. तीस मशीनांना किती? बत्तीस. अगदी फिट्ट.

शेवटचं बटण दाबल्यावर पडदा जरा वेळ पांढरा राहिला आणि मग निकाल आला. पास. काठावर, पण पास. ती थोडी बसून राहिली. आनंद व्हायला पाहिजे होता, तो बसने येतोय आणि बस उशिरा आहे असं काहीसं वाटलं. दारातल्या मुलीने घड्याळ, पर्स आणि पेन परत दिलं. खाली कपड्यांच्या दुकानात एक बाई पडदे उजेडात धरून बघत होती. रस्ता ओलांडून ती बसथांब्यावर आली. थांब्यावर गर्दी होती. ऑफिसं सुटायची वेळ. लेकीला कळवायला हवं, साहेबांना कळवायला हवं, असं म्हणत तिने मोबाइल काढला आणि नंबर लावला तो घरचा. बराच वेळ वाजला. त्याला घंटी ऐकू येत नसे, खिडकीशी ठेवलेला घरचा मोबाइल थरथरलेला दिसला की तो उचलत असे.

“हॅलो,” तो म्हणाला, आणि मग, फोन डाव्या कानाला फिरवून, पुन्हा, “हॅलो.”

“झाले पास.”

“काय?”

“परीक्षा! पास झाले!”

“कोण बोलतंय?”

तिने श्वास घेतला. काय सांगायचं होतं ते तिच्या तोंडाशी आलं आणि ते परीक्षेविषयी नव्हतं. नेटवर्कच्या खोलीत बसायला मिळणार, इमारत सुटणार नाही, घरात कोंडून बसावं लागणार नाही. हे सगळं पदरात पडल्यावर, आता जायलाच हवं असं नसताना, तिला खरोखरच त्या खिडकीशी, त्या पेपराशेजारी जाऊन बसावंसं वाटत होतं. निदान आज. उद्याचं उद्या. तिने बाकावर हात टेकला आणि पोटातून, पूर्वीच्याच आवाजात, ओरडून सांगितलं :

“मी घरी येतेय!”

थांब्यावरचं बोलणं थांबलं. रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं, दप्तरवाल्यांनी, पिशवीवाल्यांनी, समोरच्या दुकानातून पडदे बघणाऱ्या बाईनेसुद्धा. तिने मान खाली घातली नाही. पलीकडची मशीनं तर कधीच बंद पडली होती.

“ऐकू आलं गं,” तो म्हणाला. “ओरडतेस कशाला?”